आधी चाल, मग उडी

काशीमीरा नाक्यावर लग्नसराईत गाड्या तुंबल्या की समजावं, पुढे कुणाची तरी वरात आहे. वरातीचा एक अलिखित कायदा असतो. आधी बँड संथ लय धरतो. थोरली माणसं फेटे सावरत, कोण बघतंय याचा अंदाज घेत चालतात. मग बँडमास्तर खूण करतो, लय पालटते आणि पोरं उड्या मारू लागतात.

युरोपच्या दरबारांतही चार शतकांपूर्वी हाच क्रम होता. फ्रान्समधल्या लांग्र गावच्या झेआं ताबुरो या धर्मगुरूने त्वानो आर्बो या टोपणनावाने १५८९ साली ‘ऑर्केसोग्राफी’ हे पुस्तक काढलं. गुरुशिष्यसंवाद रंगवत त्याने पावलंही शिकवली आणि ढोलाचे ठोकेही लिहून ठेवले. आधी पव्हान, दोनाच्या लयीतली मिरवणूक: पुरुष झगा नि तलवार मिरवत, बायका नजर खाली ठेवून, मधूनच हळूच वर बघत. त्यामागून गॅलियार्ड: सहा मात्रांत पाच पावलं, त्यात एक दणदणीत उडी. आर्बो सांगतो की खानदानी घरची मुलगी लग्नाला चर्चकडे निघाली की वाजंत्री पव्हान वाजवत. म्हणजे वरातच की!

ते वाजवायचे शॉम आणि सॅकबट. शॉमला सनईसारखी दुहेरी पत्ती, आवाजही तसाच चौक भरून टाकणारा. सॅकबट हा ट्रॉम्बोनचा पूर्वज. उघड्यावर ही दणकट मंडळी, दिवाणखान्यात ल्यूट, व्हायोल आणि बासरीच्या जातीचा रेकॉर्डर. अँटवर्पच्या तिलमन सुसातोने १५५१ साली नाचांच्या चाली छापल्या, तेव्हा त्या कुठल्याही वाद्यावर चालतील असं मुखपृष्ठावरच सांगून टाकलं. स्वतः शहराच्या वाजंत्र्यांतला माणूस तो; सुपारी आली की हाताशी असेल त्यावर निभावायचं, हे त्याला पक्कं ठाऊक.

आर्बोचं पुस्तक निघालं तेव्हा खाडीपलीकडच्या वसईत पोर्तुगीजांना ५५ वर्षं झाली होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज गेले. उत्तन-डोंगरीच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतून मात्र आजही लग्नाआधी उंबराचं पाणी आणायला विहिरीवर जातात ते वाजतगाजतच.

संथ चाल लोकांसाठी असते, उडी आपल्यासाठी. आपण कोण, कुणाचे, हे जगाला नीट दाखवून झालं की मगच अंगाला मोकळीक मिळते. दरबारात तेच, हमरस्त्यावरही तेच. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ १५८९ साली, वयाच्या ५६ व्या वर्षी, सकाळचा व्यायाम म्हणून सहा-सात गॅलियार्ड नाचत असे. राणीला जमलं ते आपल्या एक दिवसाच्या राजाला जमत नाही. सगळे नाचतात, आणि तो बिचारा घोड्यावर बसून पव्हानच करत राहतो.