आधी हसू, मग विनोद

माझी आई विनोद घडण्यापूर्वीच हसते. दर पाडव्याला दुपारी, फराळाच्या ताटल्या उचलल्या गेल्या की आमच्या उदगीरच्या घरात 'अशी ही बनवाबनवी' लागतो. घरमालक सरपोतदार आपल्या सत्तर रुपयांचा विषय काढायला नुसते तोंड उघडतात, आणि इकडे आईचा पदर तोंडाला जातो. अशोक सराफांचे उत्तर यायला अजून अवकाश असतो. नातवंडे वळून आजीकडे पाहतात, मग पडद्याकडे, आणि मग सगळे घर हसते.

नवल याचे की गेली चार वर्षे आईला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

पाहिलेलाच सिनेमा पुन्हा काय पाहायचा, असे लोक विचारतात. रहस्यपटाला हा प्रश्न शोभतो. खुनी सापडला की त्यातला प्राण गेला. विनोदी चित्रपटाची तऱ्हाच निराळी. 'लाखाची गोष्ट' (१९५२) मध्ये महिन्याभरात एक लाख रुपये उडवून दाखवायचे असतात आणि ते काही संपता संपत नाहीत, हे मला शाळकरी वयापासून पाठ आहे. तरी राजा गोसावी पडद्यावर आले की मी सरसावून बसतो. पु. लं.चा 'गुळाचा गणपती' (१९५३) तसाच. पहिल्या खेपेला आपण गोष्ट पाहतो. पुढेपुढे शेजारी बसलेल्यांची तोंडे पाहू लागतो. मी तर हल्ली पडद्याकडे कमीच पाहतो.

आई मूळची बिदरकडची. उदगीर एके काळी बिदर जिल्ह्यातच होते. १९५६ साली मधून राज्याची सीमा गेली. सोयरिकी मात्र तिला जुमानीनात. १९७२ च्या दुष्काळात आई लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला कानडी येत होती, बाजारापुरती उर्दू येत होती, आणि मराठी म्हणाल तर 'या, बसा, चहा घ्या' एवढीच. अप्पांनी तिला दाखवलेला पहिला मराठी सिनेमा म्हणजे आदल्या वर्षीचा, दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या'. सगळे थिएटर खो खो हसे आणि ही गप्प. मग अप्पा तिच्या कानाशी लागून कानडीत उलगडा करीत. तोवर लोक शांत झालेले असत, आणि त्या शांततेत आई एकटीच हसे. कोंडक्यांचा विनोद नव्या नवरीला उकलून सांगायचा, तोही पुढच्याच रांगेत आपली आत्या बसलेली असताना! अप्पांनी बऱ्याच जागा गाळल्या असाव्यात असा माझा जुना संशय आहे. मी एकदा तसे विचारले, तेव्हा म्हणाले, "दुष्काळ होता. सगळंच काटकसरीनं."

'बनवाबनवी' आला १९८८ साली. तो उदगीरला पोचेपर्यंत आई मराठीत चांगली भांडू लागली होती. कल्पना मूळची 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटातली. पण लक्ष्मीकांत बेर्डे लुगडे नेसून पार्वती झाले, तेव्हा ते उसने वाण आहे असे कोणाच्या मनातही आले नाही. त्या दिवशी आई सर्वांच्या बरोबरीने हसली. दोन्ही चित्रपटांचे लेखक वसंत सबनीसच. म्हणजे आईची मराठीची पहिली परीक्षा आणि शेवटची परीक्षा एकाच मास्तरांनी घेतली म्हणायची.

आता कान गेले. यंत्र आणून दिले, तर भांड्यांचा आवाज डोक्यात शिरतो म्हणून तिने ते सुपारीच्या डब्यात टाकले. "डॉक्टरांकडे जायचंय" म्हणावे, तर "दोडका कालच संपला" असे उत्तर येते. घर हसते. मीही हसलो आहे, चांगला मोठ्याने. आईसुद्धा हसते; पण जरा मागाहून, आमची तोंडे पाहून. 'सोंगाड्या'च्या त्या खेळात हसली असेल तशी. फक्त कानाशी लागून उलगडा करायला आता अप्पा नाहीत. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला चार वर्षे लागावीत!

गेल्या पाडव्याला नेमके सरपोतदारांनी तोंड उघडले आणि वीज गेली. पोरांनी आरडाओरडा केला. आई मात्र हसून चुकली होती. तिने सर्वांकडे एकदा पाहिले, पदर खोचला आणि म्हणाली, "थांबा रे, मी सांगते."

मग ती सांगत सुटली. सरपोतदारांचा आवाज वेगळा, धनंजय मान्यांचा वेगळा. घाईत मराठी शब्द सापडला नाही की बेधडक कानडी. पार्वती झाली तेव्हा तर उठून चालून दाखवले. धाकट्या पुतण्याला हसता हसता ठसका लागला. एरवी दिवसाकाठी दहा वाक्ये बोलणारी माझी आई अर्धा तास बोलत होती, आणि मध्ये कोणी काही विचारावे अशी सोयच नव्हती. मी दाराशी उभा होतो. दोन ठिकाणी मला कानडी कळले नाही. पोरे हसून झाल्यावर मी मागाहून हसलो.

वीज आली तेव्हा पडद्यावर कसलीशी जाहिरात होती. पुतण्याने उठून टीव्ही बंद केला, आजीसमोर मांडी घालून बसला आणि तिला दिसावेत म्हणून ओठ मोठे करून म्हणाला, "पुढं?"

"पुढं काय," आई म्हणाली, "लिंबू सरबत कर सगळ्यांना. घसा बसला माझा."