दंडावरचा बिल्ला

माझ्या धाकट्याला दुबईच्या मामूंनी लेगोचा डबा पाठवला, तिथून हे वेड घरात शिरलं. ठोकळ्यांपेक्षा त्यातली चार सेंटिमीटरची माणसं मला आवडली. हात हलतात, मान फिरते, डोक्यावरचे केस काढून टोपी घालता येते. 1978 साली डेन्मार्कमध्ये हा माणूस आला तेव्हा त्याचा चेहरा मुद्दाम पिवळा ठेवला होता. कुठल्याच वंशाचा वाटू नये म्हणून. खऱ्या कातडीचे रंग यायला 2003 उजाडलं. "अब्बू, आपण पिवळे आहोत का?" असं लेकानं विचारलं तेव्हा मी ब्रश हातात घेतला.

पहिला बनवला स्पायडरमॅन, तो बिघडला. मग ठरवलं, आपला हिरो करायचा. 1983 च्या 'कुली'तला इक्बाल. लाल सदरा, दंडावर 786 चा बिल्ला, आणि सोबत अल्लारखा बाज. बाजासाठी लेगोच्या समुद्री चाच्याचा पोपट तपकिरी रंगवला. लांबून चालून जातो.

मोहल्ल्यातल्या एका चाचांनी विचारलंच, "पुतळे करणं जायज आहे का?" म्हटलं, बाहुल्या हजरत आयेशांकडेही होत्या. ते हसले आणि नातवासाठी एक सांगून गेले.

बिल्ल्यानं मात्र रडवलं. पाण्यात भिजवून सरकवायचा डिकल पेपर मिळतो, त्यावर घरच्या प्रिंटरनं छापायचं. पहिल्यांदा वार्निशचा फवारा न मारताच पाण्यात टाकला. 786 ची शाई वाटीत विरघळली. दुसऱ्यांदा तीन हात वार्निश दिलं, पण कागद पारदर्शक होता. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे लाल दंडावर पितळी रंग गडपच झाला. शेवटी पांढरा डिकल पेपर आणला, तीन मिलिमीटरचा तुकडा कापला, कडेची पांढरी रेघ लाल रंगानं बुजवली. पंधरा दिवस गेले. बायको म्हणाली, एवढ्यात खरा हमाल झाला असतात.

ती सहज बोलली. पण माझे अब्बा मिरज स्टेशनवर हमालच होते.

तेव्हा मिरजेत तीन रुळांच्या गाड्या यायच्या. पुण्याकडची ब्रॉडगेज, बेळगावकडची मीटरगेज आणि कुर्डुवाडीची छोटी गाडी. इथं उतरून गाडी बदलायची म्हणजे ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या, सगळं एका फलाटावरून दुसऱ्यावर. ते ओझं अब्बांच्या डोक्यावर. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचो. शाळेत मात्र सांगायचो, "अब्बा रेल्वेत आहेत." एकदा वर्गातल्या एकाचं कुटुंब गाडीतून उतरलं आणि त्यांची ट्रंक अब्बांनी उचलली. मी नळाच्या आड उभा राहिलो. ट्रंक जिना चढून जाईपर्यंत बाहेर आलो नाही. त्याच वर्षी आम्ही पोरं टॉकीजमध्ये इक्बालच्या एंट्रीला शिट्ट्या मारत होतो.

इक्बाल तयार झाल्यावर मी तो अब्बांना दाखवला. आता त्यांना कमी दिसतं. खिडकीशी नेऊन त्यांनी डोळ्याजवळ धरला, बोटानं दंड चाचपला.

"कितना नंबर डाला?"

"सातशे शहाऐंशी."

"वो तो पिक्चर का है. मेरा मालूम है तेरेकू?"

मला माहीत नव्हता. सहा वर्षं डबा पोचवला. बिल्ला रोज समोर असायचा; पितळेचा, अम्मी तो चिंचेनं घासायची. मी कधी वाचलाच नव्हता. वाचायचा नव्हता, हे जास्त खरं.

"त्रेचालीस," ते म्हणाले आणि इक्बालला माझ्या हातात परत दिलं.

दुसरा माणूस करायला दोनच दिवस लागले. दोन आकडे, जागाही पुरली. डोक्यावर एमसीलची चुंबळ केली. अब्बांनी चाचपून सांगितलं, चुंबळ फार पुढं आहे, अशानं मान जाईल. एमसील तोवर दगड झालं होतं. ब्लेडनं खरवडून पुन्हा केली, जरा मागं. अब्बा शेजारी बसून होते, मध्येमध्ये हात पुढं करून बघत होते. मग चुंबळीवर तपकिरी ठोकळ्याची ट्रंक चिकटवली.

एकच अडचण राहिली. या माणसाचे हात डोक्यापर्यंत पोचत नाहीत, कितीही फिरवा. ट्रंक नुसती डोक्यावर, हात पुढं लोंबकळलेले. मी तसं अब्बांना सांगितलं.

"हात कायकू लगते?" ते म्हणाले. "हात में दूसरी थैली रहती थी."

लेकानं लगेच डबा उपसला, दोन पेट्या शोधल्या आणि त्रेचाळीस नंबरच्या दोन्ही हातांत अडकवल्या.