बंबाची जागा

जुन्या वाड्यांत तांब्याचा बंब बहुधा परसात, न्हाणीघराबाहेर पत्र्याच्या आडोशाला असे. धुराने डोळे चुरचुरत, म्हणून त्याला घरापासून दूर ठेवीत. गॅस गिझरचा धूर दिसत नाही. त्यामुळेच की काय, ती ज्वाला मात्र लोकांनी निःशंकपणे न्हाणीघरात नेऊन टांगली.

सांगलीकडील एका व्यापारी कुटुंबात, पुढे दुकान व मागे घर अशा वास्तूत, बंब मोडीत निघाला आणि गिझर आला. मिस्त्रीने न्हाणीघरातील भिंत दाखविली. पाइप कमी, मजुरी कमी. घरच्या अण्णांना हा हिशेब तत्काळ पटला. खर्चाच्या वहीत पाइपाचे फूट दिसतात, जोखमीला रकाना नसतो. सूनबाई मात्र अडून बसल्या.

"अण्णा, आजी थंडीत दार-खिडकी घट्ट लावून स्नान करतात. आतून त्यांची हाक तरी येईल का?"

भीती अनाठायी नव्हती. बंद खोलीत प्राणवायू अपुरा पडला की ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, गंध नाही. हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २००हून अधिक पटींनी घट्ट जखडतो. डोके जड होते, भोवळ येते आणि कडी काढण्याचेही बळ उरत नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला उग्र वास गळतीची सूचना देतो. या वायूची नाही.

अण्णा नमले, पण त्यांनी सुचविलेली 'बाहेरची' जागा म्हणजे काचा लावून बंद केलेली गॅलरी! तीत आजींच्याच खोलीची खिडकी उघडत होती. न्हाणीघराबाहेरचे सारेच मोकळे नसते, हे पुष्कळ घरांत ध्यानी येत नाही. परसाची जवळची भिंतही बाद झाली. तिच्या समोरच शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी होती.

अखेर जुन्या बंबाचा कोपरा ठरला. वर पत्रा, वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून एका बाजूस आडोसा, बाकी सर्व खुले. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळाल्यास खोलगट जागी साचतो. म्हणून सिलिंडर गटाराच्या तोंडापासून दूर, सपाट ओट्यावर उभा ठेविला.

पाइप दहा फुटांनी वाढला. "प्रत्येक स्नानाला आधीचे गार पाणी वाया जाणार," ही अण्णांची तक्रार रास्त होती. १५ मिलिमीटर व्यासाच्या दहा फुटांत सुमारे अर्धा लिटर पाणी राहते. सूनबाईंनी नळाखाली एक छोटी बादली ठेविली. आता ते पाणी अण्णा स्वतः परसातील जास्वंदीला घालतात.