गादी आईकडून येते

वंशावळ ही विजेत्याची हौस, असं माझं अनेक वर्षं पक्कं मत होतं. आधी रणांगणात निकाल लागतो, मग भाट बोलावले जातात आणि जिंकणाऱ्याचं नातं एखाद्या देवाशी जोडून दिलं जातं. इतिहासाच्या पुस्तकातली वंशवेलीची पानं मी सरळ उलटून पुढे जायचे. हवाई बेटांवरच्या जुन्या राजेसरदारांनी, तिथल्या ‘अलीईं’नी, माझं हे मत बदलायला लावलं.

सुरुवातीला तिथेही मला दुजोराच मिळाला. १७८२ मध्ये हवाई बेटाचा राजा कलानिओपूऊ वारला. गादी मुलाला, किवालाओला, आणि युद्धदेव कूकाइलीमोकू पुतण्याला, कामेहामेहाला, अशी वाटणी त्याने हयातीतच करून ठेवली होती. किवालाओ कुळाने वरचढ. पण त्याच वर्षी मोकुओहाईच्या लढाईत कामेहामेहाशी लढताना तो मारला गेला. कामेहामेहाच्या कितीतरी पिढ्या आधी याच बेटावर उमीनेही हेच केलं होतं. बाप लिलोआ राजा, आई खालच्या दर्जाच्या कुळातली. तरी उच्चकुलीन सावत्र भाऊ हाकाऊला संपवून उमीने बेट ताब्यात घेतलं. कूळ हरलं, मनगट जिंकलं. माझ्या लेखी विषय संपला होता.

मात्र जिंकल्यावर या दोघांनी काय केलं, ते वाचलं आणि मी थबकले. उमीने हाकाऊच्या बहिणीशी, म्हणजे स्वतःच्याच सावत्र बहिणीशी, लग्न केलं. १७९० मध्ये माउई बेटावर इआओच्या खोऱ्यात कामेहामेहाने शत्रूची धूळधाण उडवली, आणि नंतर तो मोलोकाई बेटावर गेला तो एका मरणासन्न म्हातारीकडे. ती कालोला, माउईची राजकन्या आणि किवालाओची आई. तिच्याजवळ तिची नात होती, केओपुओलानी. वय जेमतेम बारा. ही नात माझ्या स्वाधीन करा, असं त्याने कालोलापाशी मागितलं. माझे डोळे मिटल्यावर ने, असं म्हातारी म्हणाली. तो थांबला.

ही मुलगी किवालाओची, म्हणजे कामेहामेहाशी लढताना पडलेल्या राजाची लेक. तिचे आईबाप एकाच आईची, कालोलाची, मुलं. भावाबहिणीच्या पोटी जन्मलेलं मूल तिथे सर्वांत वरच्या दर्जाचं मानलं जाई. हवाई आणि माउई, दोन्ही राजघराण्यांचं रक्त तिच्यात होतं. तिच्याभोवतीचा ‘कापू’, म्हणजे सोवळ्याचा निर्बंध, इतका कडक होता की पुढे तिचा नवरा झालेला कामेहामेहाही तिच्यापुढे नमून जाई, असं परंपरा सांगते. त्याला इतर बायकांपासून मुलं होती. लाडकी राणी तर काआहुमानू होती. तरीही गादीवर बसले ते केओपुओलानीचे मुलगे, आधी लिहोलिहो आणि त्याच्यानंतर कौइकेआओउली.

इथे माझं जुनं मत टिकेना. वंशावळ नुसती शोभेची असती, तर कामेहामेहाने ती भाटांकडून रचून घेतली असती. पण तिथे कोण कोणाच्या पोटचा, हे तोंडपाठ असणारी माणसं अलीईंच्या पदरी होती आणि आईकडची बाजू बापाच्या बाजूइतकीच तोलून पाहिली जाई. भाल्याने बेट जिंकता येत होतं, मुलांचा दर्जा जिंकता येत नव्हता. तो एका मुलीपाशी होता आणि तिच्या आजीकडून मागून घ्यावा लागला.

या दर्जाचं वजन १८१९ मध्ये पुन्हा दिसलं. कामेहामेहा वारल्यावर केओपुओलानीने धाकट्या मुलाबरोबर बसून जेवण केलं. स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवू नये, हा तिथला कडक नियम होता. सर्वांत पवित्र मानल्या गेलेल्या बाईनेच तो मोडला. त्याच वर्षी लिहोलिहोही बायकांच्या पंगतीत जेवला आणि जुनी व्यवस्था कोसळली.

वंशावळींत फेरफार होत नाहीत, असं मी म्हणत नाही. १८७४ मध्ये कालाकाउआ आणि राणी एमा गादीसाठी समोरासमोर आले, तेव्हा एकमेकांच्या कुळांवरून जाहीर वाद झडले. पण वाद झडतो तो किंमत असलेल्या गोष्टीवरूनच. राज्य हातातून गेल्यावर, कैदेत असताना राणी लिलिउओकालानीने ‘कुमुलिपो’ या दोन हजारांहून अधिक ओळींच्या वंशस्तोत्राचं इंग्रजी भाषांतर हाती घेतलं. १८९७ मध्ये ते छापलं गेलं. सैन्य नव्हतं, सिंहासन नव्हतं. आपण कोण, हे सांगणारा तो पुरावा मात्र तिच्यापाशी होता.

आता वंशवेलीचं पान आलं की मी थांबते. लढाईत कोण जिंकलं, याआधी कोण कोणाची लेक होती ते बघते. सत्तेचा अर्धा हिशेब त्या नावांत असतो, आणि आपण तो बहुतेकदा न वाचताच पुढे जातो.