तार रुतलेला वड

उंची जेमतेम दीड फूट, पण बुंधा मनगटाहून जाड. पुण्यातल्या एका जुन्या वाड्याच्या भिंतीत, विटांच्या फटीत तो उगवला होता. पाखरानं टाकलेलं बी, मूठभर चुना-माती आणि पावसाचं पाणी, एवढ्यावर तो तगला होता. २००६ साली वाडा पाडायला घेतला, तेव्हा मी त्याला ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणलं. कमी जागेत जगणं तो आधीच शिकलेला होता.

स्वभावानं हट्टी. जागा बदलली की रुसतो, दोन-चार पानं पिवळी करून टाकतो. उजेड दिसेल तिकडं फांद्या वळवतो. पावसाळी हवेत मात्र खुलतो; बुंध्यावर तांबूस पारंब्यांची टोकं फुटतात आणि पोरसवदा झाड एकदम आजोबा दिसू लागतं.

जूनमध्ये, पहिला पाऊस झाला की गच्चीवर बोन्साय शिकणाऱ्या नवशिक्यांचा वर्ग भरतो. टेबलावर मधोमध हाच असतो. कातरी लागताच पांढरा चीक ओघळतो आणि कुणीतरी कळवळून म्हणतं, "अहो, दुखत असेल हो त्याला!" ही शंका रास्त आहे. उत्तर मी देत नाही, वडालाच द्यायला लावतो. त्याला ट्रेमधून अलगद उचलतो, लाकडी काडीनं माती मोकळी करतो. मागच्या वेळी जिथं मुळं छाटली होती, तिथं तंतुमुळांचं दाट जाळं असतं. त्रासानं खंगलेल्या झाडाला अशी मुळं फुटत नाहीत. मग बाहेरची सुमारे एक तृतीयांश मुळं काढायची, भोकांवर जाळी टाकायची आणि विटांचा चाळलेला चुरा, कोकोपीट, कुजलेलं शेणखत अशा निचऱ्याच्या मिश्रणात त्याला पुन्हा बसवायचं. बोन्साय म्हणजे उथळ ट्रेमधली लागवड, हा शब्दाचा अर्थ तेव्हा हाताला कळतो.

तार बांधणं त्याच्यावर दाखवत नाही. नुकती मुळं छाटलेल्या झाडाला आणखी त्रास नको, म्हणून त्यासाठी दुसरं रोप घेतो. तार फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची, वेढे पंचेचाळीस अंशांत. वाकवताना दोन्ही अंगठे आतून टेकवायचे.

पण तारेबद्दलचा खरा धडा वडाच्याच अंगावर आहे. त्याच्या उजव्या फांदीवर मळसूत्रासारखी खोल खूण आहे. ती माझ्या हातची. एका पावसाळ्यात तार बांधली आणि दोन महिने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. वड जोमानं वाढत होता. साल फुगली, तार आत रुतली. फांदी वाचली, खूण राहिली. मी ती पानांआड लपवत नाही, ट्रे फिरवून सगळ्यांसमोर धरतो. प्रत्येकाला त्या खाचेवरून बोट फिरवायला सांगतो.

कारण प्रात्यक्षिक दोन तासांत संपतं आणि झाडाचं काम तिथून सुरू होतं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात यामाकी कुटुंबाचा एक पांढरा पाइन आहे. १६२५ पासून त्याची जोपासना चालू आहे. १९४५ चा हिरोशिमाचा अणुस्फोट तो झेलून राहिला आणि १९७६ मध्ये जपाननं अमेरिकेला दिलेल्या भेटीतून तिथं पोचला. एवढ्या वर्षांत माणसांच्या पिढ्या बदलल्या. रोज पाणी घालणारा हात कधी थांबला नाही, म्हणून तो आहे. कापणं आणि वाकवणं ही बोन्सायची छोटी बाजू आहे. बाकी सगळं बघणं आहे.

म्हणून वर्गातून रोप घरी नेणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं. तार बांधली, त्याच दिवशी कुंडीवर तारीख लिहा. पावसाळ्यात दर आठवड्याला फांदी तपासा. तार सालीत रुतू लागली की उलगडत बसू नका, तुकडे करून काढा. आपण विसरलो तरी झाड वाढायचं थांबत नाही.