हत्तींची हिवाळी रजा

डिसेंबर उजाडला की मध्यमवर्गीय घरांतून एक प्रश्न हमखास डोके वर काढतो : यंदा लेकराला कुठे न्यायचे? आमच्या लहानपणी हा प्रश्न कुणाला पडल्याचे आठवत नाही. सुट्टी म्हणजे मामाचे गाव, आणि चमत्कार म्हणजे चैत्रात महाकालीच्या यात्रेत उभा राहणारा आकाशपाळणा. दोन्ही गोष्टी आपोआप यायच्या. त्या निवडाव्या लागत नसत. आता सुट्टी निवडावी लागते, आणि निवडलेली वस्तू चोख निघावी ही अपेक्षाही तिच्यासोबत येते. मुलाच्या वाट्याला बालपणीचे मोजकेच हिवाळे यायचे. त्यांतला एकही ‘वाया’ जाऊ नये, अशी काहीशी धास्ती आजच्या आईबापांच्या मनात असते. आम्हीही त्याला अपवाद नाही.

आमचे वास्तव्य चंद्रपूरला. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर सहज आणि वाईट दिवसांत ४८च्या आसपास जाणाऱ्या या गावात हिवाळा हा खराखुरा सण असतो. पहाटे शेकोट्या पेटतात, धानाची मळणी सुरू असते, औष्णिक केंद्राच्या चिमण्यांचा धूर थंड हवेत खाली रेंगाळतो. अशा गावात वाढणाऱ्या आमच्या पाच वर्षांच्या कन्येने गेल्या हिवाळ्यात बर्फ मागितला. गोळेवाल्याकडचा नव्हे, आकाशातून पडणारा. तिच्या चित्रांच्या पुस्तकांत हिवाळा म्हणजे बर्फ, सिनेमांतल्या राजकन्या बर्फाचे महाल बांधतात. मग आपलाच हिवाळा असा कोरडा का, हा तिचा प्रश्न रास्त होता. विदर्भातल्या तलावांवर थंडीत उतरणारे पट्टकदंब हिमालय ओलांडून बर्फाच्या मुलखातून येतात, असे आम्ही तिला सांगून पाहिले. तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, “मग ते बर्फ सोडून इकडे का येतात?” प्रश्न बिनतोड होता, पण मागणी कायम राहिली.

पर्याय तीन होते. बल्लारशाहून गाडीने हैदराबाद गाठायचे. तिथे २००४ सालापासून ‘स्नो वर्ल्ड’ आहे, आणि शहराबाहेर १९९६ साली उभी राहिलेली रामोजी फिल्म सिटी. दुसरा पर्याय महाराष्ट्र आडवा ओलांडून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाण्याचा. ते २०१३ साली सुरू झाले आणि पुढे तिथेही बर्फाचे दालन निघाले. तिसरा पर्याय दाराशीच होता : जंगल.

साहित्याच्या वाचकांना तिसऱ्या पर्यायाचे उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखे वाटेल. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्लींची पुस्तके वाचत वाढलेल्या माणसाने कृत्रिम बर्फाला नाक मुरडावे, हे ओघानेच आले. आम्हांला मात्र ते नाक मुरडणे मंजूर नाही. उकाड्याच्या मुलखातले मूल भाड्याचा कोट घालून शून्याखालच्या थंडीत शिरते आणि बर्फात हात खुपसते, तेव्हा त्याचा आनंद तसूभरही खोटा नसतो. बर्फ यंत्राने केलेला असला तरी हात खरेच गारठतात. शिवाय विदर्भातल्या आमच्या पिढीने १९८९ साली गोराईला सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड केवळ दूरदर्शनच्या जाहिरातींत पाहिले. तो दुरावा आमच्या लेकीच्या वाट्याला यावा असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार?

अशा उद्यानांत विकली जाते ती खात्री. बर्फ दहा वाजता पडेल म्हणजे दहा वाजताच पडेल. राजकन्या चार वाजता हात हलवील म्हणजे हलवीलच. चमत्कार कधी आला नाही, असे होत नाही. आणि ज्याच्याकडे वर्षातले मोजून पाच दिवस आहेत, त्याला खात्रीचे मोल फार असते.

पण मग जंगल तरी या खात्रीच्या बाजारापासून किती दूर राहिले आहे? एक योगायोग आम्हांला पुन्हा पुन्हा आठवतो. १९५५ साली कॅलिफोर्नियात अनाहाइम येथे संत्र्यांच्या बागांच्या १६० एकर जागेवर डिस्नेलँड उघडले. त्याच १९५५ साली, तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात असलेल्या चांदा जिल्ह्यात ताडोबाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दोन्हींना वेस, दोन्हींना तिकीट. १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. गाभ्याचे क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे. आज मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा प्रवेशद्वारांतून ठरल्या वेळी ठरावीक जिप्सी आत सोडल्या जातात. वाघांना नावे आहेत आणि ‘माया’सारख्या वाघिणीची कीर्ती एखाद्या नटीसारखी देशभर पसरलेली होती. पाणवठ्यावर आठ-दहा गाड्या दाटीने उभ्या राहतात तेव्हा आपण रांगेत आहोत की रानात, हे कळेनासे होते.

आणि हे रान मुळात रिकामे नव्हते. ताडोबा हे नाव तारू या देवाचे. वाघाशी झुंजताना कामी आलेला गावप्रमुख देव झाला, अशी कथा आहे. तलावाच्या काठी थोरल्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तिथे आदिवासींची यात्रा भरत आली आहे. म्हणजे या जंगलात हिवाळी ‘सहली’ची रीत तिकिटापेक्षा फार जुनी. पुढे बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावे गाभ्यातून उठून बाहेर वसविली गेली. वाघ वाढले, हे यश निर्विवाद आहे. त्या यशाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्नही तितकाच निर्विवाद आहे.

हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही. बर्फाच्या मागणीच्या थोडे आधी, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही कन्येला घेऊन ताडोबात गेलो होतो. गाडीत गाईड म्हणून जवळच्याच गावची एक तरुण बाई होती. आमची कन्या दर वळणावर विचारी, “ताई, आता वाघ दिसेल?” ताई हसून म्हणाली, “मॅडम, तुमची पोरगी विचारते, वाघ दिसंल का? माही पोरगी रोज संध्याकाळी विचारते, आई, वाघ दिसला तं नाही ना?” तिची मुलगीही पाच वर्षांचीच होती. दिवस मावळल्यावर ती अंगणात खेळत नाही.

त्या एका वाक्याने सहलीचा तोल बदलला. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. चंद्रपूर जिल्ह्यात अशा बातम्या आता अपवाद राहिलेल्या नाहीत. एकाच जनावराच्या दर्शनासाठी एक मूल नवस बोलते आणि दुसरे ते टळावे म्हणून देवाला हात जोडते. दोघींच्या घरांत अंतर फार तर ४०-५० किलोमीटरचे. अशा वेळी ‘जादू’ हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते. वाघ पाहू नये असे आम्ही म्हणत नाही. त्या बाईचे घर गाईडच्या कामावर चालते, आणि पर्यटक आले नाहीत तर तिच्या मुलीची भीती कमी होणार नाही, फक्त मिळकत कमी होईल. पण आपला आनंद कुणाच्या अंगणाला लागून उभा आहे, एवढे तरी मुलाला कळावे की नाही?

आम्ही मधला मार्ग शोधला : हत्ती. गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यात कमलापूरला राज्यातला एकमेव शासकीय हत्ती कॅम्प आहे. लाकडाचे ओंडके ओढण्यासाठी वनविभागाने एकेकाळी हत्ती ठेवले. ते काम संपले, हत्ती राहिले, त्यांची पिल्लेही तिथेच वाढली. २०२२ साली गडचिरोलीतले हत्ती गुजरातेत जामनगरला नेण्याचे घाटले तेव्हा लोकांनी विरोध केला आणि कमलापूरचे हत्ती जागेवर राहिले. बर्फ नाही तर हत्ती, हा सौदा कन्येने बऱ्याच वाटाघाटींनंतर मान्य केला. संक्रांतीला लागून आलेली सुट्टी ठरली. निघण्यापूर्वी ओळखीच्या माणसाकडे चौकशी केली तेव्हा कळले की हत्ती रजेवर आहेत.

हे शब्दशः खरे आहे. दरवर्षी जानेवारीच्या सुमारास कमलापूरच्या हत्तींना दहा-पंधरा दिवसांची विश्रांती दिली जाते. थंडीत तळपायांना भेगा पडू नयेत म्हणून वनौषधींचा गरम लेप करून माहूत त्यांचे पाय शेकतात. या उपचाराला तिकडे ‘चोपिंग’ म्हणतात. त्या दिवसांत पर्यटकांना हत्ती पाहता येत नाहीत.

आता ही वार्ता तिला सांगायची कशी, या विवंचनेत आम्ही दोघांनी एक संध्याकाळ घालविली. खात्रीच्या दुनियेतून एकदा माघार घेतली की अशी वेळ येणारच. अखेर सरळ सांगून टाकले. तिने डोळे मोठे केले. “हत्तींना पण सुट्टी असते?” असते. “त्यांचे पाय दुखतात?” दुखू नयेत म्हणूनच. “मग त्यांना कोणी बघायला जायचं नाही ना?” नाही. “मग आपण नको जाऊ या. त्यांची झोपमोड होईल.” एवढे बोलून ती रडली, थोडा वेळ आणि मनापासून, पण निर्णय तिचाच होता.

सुट्टी मात्र आम्ही रद्द केली नाही. गोंडपिपरी, आष्टी करीत आलापल्लीला गेलो. तिथे ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाने राखलेले जुने सागवन आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथे पाळणा नाही, राजकन्या नाही. थोराड सागांची मोठाली वाळकी पाने तुडवीत चालायचे, एवढाच कार्यक्रम. कन्येने एक पान डोक्यावर धरून छत्री केली, नंतर त्याचाच हत्तीचा कान केला. रात्री मुक्कामी शेकोटीपाशी तिने स्वतःचे तळपाय पुढे करून ‘चोपिंग’ मागितले. आम्ही खोबरेल तेल गरम करून लावले.

यातून काही थोर सिद्धान्त निघतो असा आमचा दावा नाही. एक गोष्ट मात्र आम्हांला नव्याने कळली. मुलाला चमत्कार हवा असतो, पण तो आपल्यासाठीच ताटकळत उभा असावा, अशी त्याची अट नसते. ती अट आपण मोठी माणसे घालतो, कारण पैसे आपण मोजलेले असतात. दर मंगळवारी ताडोबा बंद असतो, पावसाळ्यात गाभ्याची दारे लागतात, जानेवारीत हत्ती रजा घेतात. दारावरच्या या ‘बंद’च्या पाट्या वाचायलाही पाचव्या वर्षी शिकता येते, आणि ते शिकणे सहलीत मोडते. वाघाला रानात आणि माणसाला अंगणात निर्धास्त वावरता येईल असा दिवस आलाच, तर तोही बहुधा असल्याच पाट्यांचा मान राखून येईल. त्या गाईड ताईच्या मुलीची सुट्टी कधी सुरू होणार, याचे उत्तर मात्र आमच्यापाशी नाही, आणि आमच्या कन्येने ते विचारलेलेही आहे.

राहता राहिला बर्फ. तो प्रश्न निकालात निघालेला नाही. यंदा पुन्हा मागणी आली आहे, आणि बल्लारशाहून हैदराबादला जाणाऱ्या गाडीचे आरक्षण आम्ही पाहून ठेवले आहे. जाऊ, बर्फात हात खुपसू, कुडकुडू. फक्त कन्येने आतापासूनच विचारून ठेवले आहे, “तिथे बर्फ पाडणाऱ्या काकांना सुट्टी कधी असते?”