एकास बारा

इंजिनिअरिंगला अॅडमिशन घेतल्यापासून पाहुण्यारावळ्यांचा एकच प्रश्न असतो, "मग काय, आमचं घर बांधून देणार ना?" अहो, घर कुठलं! आजवर मी एकच गोष्ट डिझाईन केली आहे, तीही आमच्याच दारात. १८ फुटांचा एक उतार. आणि त्यातही पहिल्या अटेम्प्टला नापास!

आमचं घर सांगलीत. माझे वडील, म्हणजे आप्पा, गवंडी. २००५ च्या पुरानंतर त्यांनी स्वतःच्या हाताने घराचं जोतं दीड फूट चढवलं आणि दारात सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या बांधल्या. (२०१९ ला पाणी त्याच्याही वर आलं, ती गोष्ट वेगळी.) ऑक्टोबर २०२३ मध्ये आप्पा परांचीवरून पडले. मणक्याला मार बसला, कमरेखालची ताकद गेली. दवाखान्यातून घरी आले ते व्हीलचेअरवर. त्या दिवशी गल्लीतल्या चौघांनी खुर्चीसकट उचलून त्यांना आत घेतलं. आप्पा काही बोलले नाहीत. पण त्यानंतर दोन महिने ते बाहेर पडलेच नाहीत. दाढी करायलासुद्धा माणूस घरी यायचा.

रॅम्प करायचा ठरलं आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. शेजारचे काका म्हणाले, "दोन फळ्या टाका की! आमची मोटरसायकल तशीच चढते." फॅब्रिकेशनवाल्याने लोखंडी पत्र्याचा रॅम्प सुचवला. काम एका दिवसाचं, पण उन्हात तापणार आणि पावसात घसरणार. घडीचा अॅल्युमिनियमचा इंटरनेटवर पाहिला. आमच्या खिशाला परवडणारा तीन पायऱ्यांना पुरत नव्हता.

मग मी पुढे सरसावले. सिव्हिलची पोरगी ना! टेप लावली. पायऱ्यांपासून फाटकापर्यंत ९ फूट, उंची दीड फूट, म्हणजे उतार एकास सहा. आप्पा ६२ किलो, खुर्ची १८ किलो, एकूण ८०. भागिले सहा, म्हणजे ढकलायला साधारण १३ किलोचा जोर. "एवढं तर मी सहज ढकलेन," असं म्हणत कागद आप्पांपुढे धरला.

आप्पांनी तो बराच वेळ पाहिला. आयुष्यभर इंजिनिअर लोकांची ड्रॉइंग वाचून बांधकाम केलेला माणूस! म्हणाले, "हिशोब बरोबर हाय. पण ह्यात ढकलणारं माणूस धरलंयस. तू कॉलेजला, तुझी आई कामावर. मग मी कुणाची वाट बघत बसू?"

मी गप्प. कुठलंही गणित सोडवताना सर आधी 'दिलेली माहिती' लिहायला लावतात. माझं तिथेच चुकलं होतं. रॅम्प आप्पांसाठी, पण हिशोब मी माझ्या हातांचा केला होता!

मग नीट वाचायला बसले. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत उतार एकास बारापेक्षा तीव्र नको, असं सांगितलंय. म्हणजे जोर निम्मा, साडेसहा किलोच्या आसपास. पण लांबी दुप्पट, १८ फूट! शिवाय दारासमोर खुर्ची थांबायला आणि वळायला ५ फुटांची सपाट जागा. एवढी लांबी मिळणार ती फक्त घराच्या भिंतीच्या कडेने, आणि तिथे आईची जास्वंद आणि कढीपत्ता. आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच कुदळ घेतली. जास्वंद डब्यात लागली, कढीपत्ता मात्र जगला नाही.

काम आप्पांच्या दोन जुन्या जोडीदारांनी केलं. आप्पा दारात खुर्चीवर बसून सूचना देत होते. मुरूम भरून धुमस, मग काँक्रीट. एकाने सवयीने गुळगुळीत घोटाई सुरू केली, तर आप्पा केवढ्याने ओरडले! "घोटू नकोस, खराट्यानं आडव्या रेघा मार. पावसात चाक घसरंल." चाक कडेवरून उतरू नये म्हणून दोन्ही बाजूंना चार इंचांची कड आणि धरायला पाइपचा कठडा. दोन महिन्यांनी त्यांचा तो साइटवरचा आवाज ऐकला आणि आई आत जाऊन रडली.

सगळं झालं आणि मग लक्षात आलं, उंबरा! दीड इंच उंच. तो काढायला आई तयार होईना. शेवटी सुताराकडून दोन्ही बाजूंना १८ इंचांच्या लाकडी पाचरी करून घेतल्या. तिथेही एकास बाराच!

पंधरा दिवसांनी कॉलेजमधून घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. आत आप्पा नाहीत, खुर्ची नाही. छातीत धस्स झालं. तशीच पळत रस्त्यावर गेले, तर हे कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पितायत!

"आप्पा, सांगून तरी जायचं!"

"कुणाला सांगू? घरात कोण होतं?"

(तृतीय वर्ष, सिव्हिल)